मारुतीचे गुडघे आणि काकांचा रिपोर्ट

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात एकच चौकशी सुरू होते, 'मारुतीला कुठवर आलं?' गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, त्यावरून सराफ बाजारातली दुकानं सामान वर चढवायला लागतात. पूर मारुतीमुळे येत नाही, तो फक्त किती आलाय ते दाखवतो.

हे आठवायचं कारण आमचे पंचवटीतले काका. दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री त्यांच्या पायाचा अंगठा टरारून सुजला. पांघरुणाची कडसुद्धा सोसवेना. युरिक अ‍ॅसिड निघालं ९.१. तेव्हापासून ते उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल चालू आहे. परवा रिपोर्ट नाचवतच आले, "५.६! आता हार्टचं बघायला नको." बीपीची गोळी चालू, सिगारेट सुटलेली नाही, आणि हार्टचं बघायला नको!

पेशींतलं आणि अन्नातलं प्युरिन मोडलं की युरिक अ‍ॅसिड तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे फोडणारं एन्झाइम असतं. माणसात त्याचा जीन निकामी झालेला आहे, त्यामुळे साधारण दोन तृतीयांश निचरा मूत्रपिंडांवर पडतो. रक्तात डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सुईसारखे स्फटिक होऊ शकतात, आणि अंगठ्यासारख्या गार सांध्यात ते आधी जमतात. हाच गाऊट. म्हणून त्याच्या उपचारात सहाच्या खाली ठेवायचं असतं. काकांची गोळी त्यासाठी आहे, आणि ते काम ती चोख करतेय.

हृदयाचा मामला वेगळा. युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हे खरं. पण लठ्ठपणा, मधुमेह, थकलेली मूत्रपिंडं, इतकंच काय बीपीसाठी दिलेली लघवी वाढवणारी काही औषधंही ते वाढवतात. मग दोषी कोण, मारुती की धरण? ब्रिटनमध्ये हे थेट तपासलं गेलं. गाऊट नसलेले, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले साठीच्या पुढचे ५,७०० हून अधिक रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांवर अ‍ॅलोप्युरिनॉल, जवळपास पाच वर्षं. २०२२ साली निकाल आला. युरिक अ‍ॅसिड उतरलं, पण हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत फरक पडला नाही.

त्यामुळे उपचार चालू असलेल्या माणसाच्या हृदयाचा अंदाज बांधणं अवघड होतं. गोळीने आलेलं ५.६ आणि निसर्गतः असलेलं ५.६ सारखं नव्हे. मारुतीभोवती भिंत घातली तर त्याचे गुडघे कोरडे राहतील, सराफ बाजारात पाणी शिरायचं ते शिरेलच.

दहा वर्षांतला धोका काढणारी गणितं असतात. ब्रिटनच्या क्यूरिस्क ३ मध्ये वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, अगदी आमवातसुद्धा विचारतात. भारतीय वंशाचा रकाना आहे, गाऊटचा नाही. ही उणीव मला खटकते, कारण गाऊटचा झटका म्हणजे अंगभर पेटलेला दाह. २०२२ च्याच आणखी एका ब्रिटिश अभ्यासात झटक्यानंतरच्या ६० दिवसांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. म्हणजे काकांच्या बाबतीत आजच्या आकड्यापेक्षा शेवटचा झटका कधी आला होता, ही तारीख डॉक्टरांना जास्त सांगून जाते.

औषधाची निवडही बिनमहत्त्वाची नाही. फेब्युक्सोस्टॅट हे युरिक अ‍ॅसिड उतरवणारं दुसरं औषध. आधीच हृदयविकार असलेल्या गाऊटच्या रुग्णांत त्यावर अ‍ॅलोप्युरिनॉलपेक्षा हृदयविकाराने मृत्यू जास्त, असं २०१८ च्या चाचणीत आढळलं. २०२० च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत तसं काही दिसलं नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मी एवढं सगळं सांगितल्यावर काका जरा हिरमुसले. "मग गोळी बंद करू?"

"अजिबात नाही. अंगठा विसरलात का?" म्हणत मी रिपोर्टचं पान उलटलं. दुसऱ्या पानावर मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.५, शेजारी 'हाय'चा जाड एच.

"हे कधी आलं?" काका चष्मा शोधायला लागले.