छोटे सागरी मत्स्यालय : उपकरणांची निवड

समुद्री मासे, प्रवाळ किंवा अन्य अपृष्ठवंशी प्राणी पाळण्यासाठी घरात उभारलेल्या, साधारणतः शंभर लिटरपर्यंतच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला छोटे सागरी मत्स्यालय म्हणतात. छंदी मंडळींत तिला ‘नॅनो टँक’ असेही नाव आहे. गोड्या पाण्याच्या टाकीहून ती दिसायला फारशी वेगळी नसते. फरक असतो तो तिच्यामागे चालणाऱ्या कामात. प्रवाळभित्तीवरच्या पाण्याची क्षारता (खारेपणा) आणि तापमान फार हळूहळू बदलते आणि तिथल्या प्राण्यांच्या शरीराला त्याच संथपणाची सवय असते. चाळीस लिटरच्या टाकीत मात्र एका रात्रीतही पाणी बदलू शकते. म्हणून नवशिक्याने उपकरण घेताना ते पाणी किती स्थिर ठेवते, एवढे पाहिले तरी बहुतेक निर्णय बरोबर येतात. दुकानात उपकरणे वेगळ्याच गुणांवर विकली जातात, ही गोष्ट निराळी.

उपकरणांची यादी लांबलचक असलीच पाहिजे असे नाही, हे या छंदाच्या इतिहासातही दिसते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्याशी संबंधित असलेले निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी पुढच्याच वर्षी कृत्रिम समुद्रजल कसे बनवावे याची कृती प्रसिद्ध केली. सागरी टाकीसाठी समुद्रकाठी राहण्याची अट तिथून सैल होऊ लागली. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले जिवंत (म्हणजे जीवाणू आणि इतर जीव वसलेले) खडक, नैसर्गिक समुद्रजल आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच सामग्रीवर टाकी चालवण्याची पद्धत मांडली. जर्मनीतल्या छंदी लोकांनी याच विचाराला जोरदार प्रवाह, तीव्र प्रकाश आणि प्रोटीन स्किमर (फेसावाटे मैला काढणारे यंत्र) यांची जोड दिली. ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आजची छोटी टाकी बहुधा या दोन पद्धतींच्या मध्ये कुठेतरी बसते.

टाकी आणि तिचे आकारमान

‘नवशिके आहात, तर लहान टाकीपासून सुरुवात करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो उलटा आहे. पाणी जितके कमी तितका चुकीला वाव कमी. एक मासा दगडामागे मेला आणि दोन दिवस दिसला नाही, तर दोनशे लिटर पाणी ते पचवू शकते. वीस लिटर पचवत नाही. जागा परवडत असेल तर साठ ते शंभर लिटर हा पहिल्या टाकीसाठी समंजस आकार ठरतो. ६० × ४० × ४० सेंमी. मापाच्या टाकीत ९६ लिटर मावतात, पण वाळू, खडक आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी पाऊणशे-ऐंशी लिटरच उरते. औषधाची मात्रा, पंपाची क्षमता, बदलायचे पाणी हे सारे हिशेब याच आकड्यावर करावेत, टाकीच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर नव्हे.

अशी टाकी भरल्यावर काच, खडक आणि वाळू धरून सव्वाशे किलोच्या आसपास जाते. तिच्याखालचे टेबल सपाट आणि पाण्याने न फुगणारे हवे. उंच, अरुंद किंवा गोल टाक्या देखण्या असल्या तरी टाळाव्यात, कारण हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागातून. २५° से. तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. ही तूट भरून काढायला रुंद पृष्ठभाग लागतो. ॲक्रिलिक हलके असते, पण शेवाळ घासताना त्यावर ओरखडे उठतात. छोट्या मापात काचच बरी.

मागच्या बाजूला पडदीआड गाळणीचे कप्पे असलेल्या ‘ऑल-इन-वन’ टाक्या नवशिक्यासाठी सोयीच्या आहेत. हीटर, पंप, गाळणीचा कापूस सारे नजरेआड राहते आणि वरून नळ्या लोंबत नाहीत. मात्र मागचे कप्पे हाताला पोचण्याइतके रुंद आहेत का, हे घेण्याआधी हात घालून पाहावे. टाकीखाली दुसरी टाकी ठेवून पाणी फिरवण्याची ‘संप’ पद्धत पाण्याचे एकूण प्रमाण वाढवते, ही तिची खरी किंमत. पण पंप बंद पडल्यावर खाली किती पाणी उतरेल याचा हिशेब चुकला की ते जमिनीवर येते. झाकण जाळीचे असावे. फायरफिश, गोबी यांसारखे मासे उडी मारून बाहेर पडतात, आणि काचेचे घट्ट झाकण उष्णता कोंडून ठेवते.

पाणी आणि मीठ

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतेच, शिवाय फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट आणि कधी तांबेही असू शकते. फॉस्फेट, नायट्रेट आणि सिलिकेट यांवर शेवाळ पोसते. तांबे मात्र कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. यासाठी आरओ पटलानंतर आयन शोषणाऱ्या राळेचा टप्पा असलेले डीआय यंत्र वापरतात. पिण्याच्या पाण्याच्या काही आरओ यंत्रांत चवीसाठी खनिजे परत मिसळली जातात. तसले पाणी इथे उपयोगाचे नाही. विरघळलेल्या घटकांचे प्रमाण दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्य यायला हवा. यंत्र घ्यायचे नसेल तर खात्रीच्या ठिकाणचे आरओ-डीआय पाणी कॅनमधून आणणे हाही चांगला मार्ग आहे. छोट्या टाकीची हीच एक मोठी सवलत.

स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट असते. त्या प्रमाणात बनवलेले तयार सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागते. मीठ नेहमी पाण्यात घालावे. मिठाच्या ढिगावर पाणी ओतले तर कॅल्शियमचा साका तळाशी बसतो आणि मग विरघळता विरघळत नाही. यासाठी खाद्यपदार्थांच्या दर्जाची प्लास्टिकची एक वेगळी बादली, एक छोटा पंप आणि एक जादा हीटर हवा. या तीन वस्तू बहुतेक यादीत नसतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांची धावाधाव होते.

पाणी वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते. चाळीस लिटर पाण्यातले तीन लिटर उडाले तर क्षारता दर हजारी ३५ वरून जवळजवळ ३८ वर जाते. म्हणून रोजची तूट गोड्या, म्हणजे आरओ-डीआय पाण्याने भरायची असते; खाऱ्या पाण्याने भरणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. पातळी ओळखून आपोआप पाणी सोडणारे टॉप-ऑफ यंत्र चैनीची वस्तू वाटते, पण छोट्या टाकीत ते दिव्याच्या आधी घ्यावे. त्याचा सेन्सर अडकला तर सगळे गोडे पाणी टाकीत येऊ शकते, तेव्हा साठ्याचे भांडे चार-पाच लिटरहून मोठे ठेवू नये.

गाळण

सागरी टाकीची खरी गाळणी म्हणजे खडक. सच्छिद्र खडकाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू माशांनी टाकलेल्या अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करतात. खोलवरच्या, प्राणवायू न पोचणाऱ्या भागात काही नायट्रेटचा वायुरूप नायट्रोजन होतो. कोरडा खडक घेतला तर नको असलेले किडे आणि शेवाळ येत नाही, पण जीवाणू रुजायला वेळ लागतो. खडक थेट तळाच्या काचेवर टेकवून मग भोवती वाळू पसरावी. वाळूवर रचलेला ढीग बिळे करणाऱ्या माशांमुळे कोसळतो. वाळू ॲरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची), दोन-तीन सेंमी. जाडीची पुरे.

प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांच्या स्तंभातून पाणी फिरवतो. सेंद्रिय रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेस होऊन वरच्या पेल्यात जमतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून ही युक्ती तिथे साधते. गोड्या पाण्याच्या टाकीत ती जवळपास निकामी असते. स्किमरमुळे पाण्यात हवाही खेळते. पण ऐंशी लिटरच्या आतल्या, मोजके मासे असलेल्या टाकीत तो अनिवार्य नाही. या मापाचे स्वस्त स्किमर आवाज फार करतात आणि फेस कमी देतात. त्याऐवजी दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदलणे अधिक भरवशाचे, कारण त्यातून साचलेला मैलाही जातो आणि संपत आलेले घटकही परत येतात. गाळणीचा कापूस तीन-चार दिवसांनी बदलावा आणि पाणी पिवळसर दिसू लागले की सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी. बंद डब्याचे कॅनिस्टर फिल्टर महिनोन्‌महिने न उघडल्यास आत मैला कुजून नायट्रेटचे कोठार बनतात. वाळूखालून पाणी ओढणारी जुनी पद्धत, अतिनील दिवा, ओझोन यंत्र, कॅल्शियम रिॲक्टर यांचा पहिल्या वर्षी विचारच करू नये.

प्रवाह

टाकीतले पाणी तासाला दहा ते वीस वेळा फिरावे, असा मऊ प्रवाळांसाठीचा ढोबळ नियम. ऐंशी लिटरसाठी तो ताशी ८०० ते १६०० लिटर होतो. एका मोठ्या पंपाऐवजी समोरासमोर दोन छोटे पॉवरहेड (पाण्यात बुडवून लावायचे प्रवाहपंप) लावले की लाट मोडते आणि कोपऱ्यांत मैला साचत नाही. एकाच दिशेचा सरळ फवारा प्रवाळाचे मांस सोलून काढतो. समुद्रफूल पाळायचे असेल तर पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज हवाच. हा प्राणी रात्री सरकत जाऊन पंपात अडकतो आणि त्याच्या चिंधड्यांनी अख्खी टाकी नासते.

तापमान

२४ ते २६° से. हे बहुतेक उष्णकटिबंधीय प्राण्यांना मानवते. हीटरसाठी लिटरमागे एक वॅट पुरे. मोठा घेतला की सुरक्षित, हा समज घातक आहे, कारण हीटर बिघडतो तेव्हा बरेचदा तो चालू अवस्थेतच अडकतो. ३०० वॅटचा हीटर असा अडकला तर चाळीस लिटर पाणी नऊ-दहा मिनिटांत एक अंशाने तापते. ५० वॅटच्या हीटरला त्याच कामाला जवळपास तास लागतो आणि तेवढ्यात काही उष्णता खोलीत निघूनही जाते. म्हणून १०० वॅटच्या एका हीटरपेक्षा ५० वॅटचे दोन बरे. एक बंद पडला तर दुसरा धकवून नेतो, एक अडकला तर टाकी उकळत नाही. त्यावर वेगळा तापमान-नियंत्रक बसवला तर उत्तमच. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. वेगळा तापमापक ठेवावा.

उष्ण हवेत प्रश्न उलटा असतो. पृष्ठभागावर फुंकणारा लहान पंखा बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी थंड करतो. हवा दमट असली की हा परिणाम घटतो, आणि पंख्यामुळे पाणी जास्त उडत असल्याने क्षारतेवर लक्ष ठेवावे लागते. त्यानेही भागत नसेल तरच चिलर.

प्रकाश

फक्त मासे ठेवायचे असतील तर साधा एलईडी पुरतो. उजेड माशाला नव्हे, पाहणाऱ्याला हवा असतो. प्रवाळांचे तसे नाही. त्यांच्या पेशींत सहजीवी शैवाल असते आणि ते प्रकाशावर अन्न बनवते. झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारख्या मऊ प्रकारांना ५० ते १५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचे माप) एवढा प्रकाश चालतो. फांदीदार दगडी प्रवाळांना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो आणि ते पहिल्या टाकीचे प्राणी नव्हेत. दिवा निवडताना वॅटपेक्षा ४२० ते ४६० नॅनोमीटर पट्ट्यातला निळा प्रकाश आणि तीव्रता कमी-जास्त करण्याची सोय पाहावी. टायमर लावून आठ ते दहा तास पुरे.

मोजमाप

इथे काटकसर करू नये. हेलकावणाऱ्या काट्याचे प्लास्टिक हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकतात. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो शुद्ध पाण्याने नव्हे, दर हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. याच क्षारतेला २५° से. तापमानात विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास येते. सुरुवातीला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू (पीएच) यांचे टेस्ट किट लागतात. समुद्रजलाचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि सामू जितका चढा तितका अमोनिया अधिक विषारी. गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारे प्रमाण इथे मासा मारते. अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता), कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे किट दगडी प्रवाळ आल्यावर घेतले तरी चालतात.

वीज

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीची सर्व उपकरणे वीजगळती-संरक्षक स्विचवर असावीत आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोलातून खाली टपकते. टाकीच्या काठावर आणि वायरींवर मिठाचे पांढरे पापुद्रे चढतात, ते आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावे लागतात. लोखंडी चिमटे, तांब्या-पितळेचे भाग टाकीजवळ नकोत. वीज गेल्यावर आधी संपतो तो प्राणवायू, उष्णता नव्हे. त्यामुळे बॅटरीवर चालणारा एक साधा एअरपंप घरात असावा. रबरी हातमोजेही याच खणात ठेवावेत, कारण पॅलिथोआसारख्या काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. असे प्राणी चिकटलेला खडक ‘स्वच्छ करण्यासाठी’ उकळल्याने वाफेतून घरभर विषबाधा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

सारे जोडून झाल्यावर टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवतात. जीवाणूंना खाद्य म्हणून थोडा अमोनिया घालतात आणि तो चोवीस तासांत शून्यावर येऊन नायट्राइटही उरले नाही की पहिला मासा येऊ शकतो. या काळात उपकरणांतले दोषही उघडे पडतात : गळणारा जोड, घरघरणारा पंप, दोन अंश चुकीचे दाखवणारा हीटर. रिकाम्या काळाचा दुसरा उपयोग विलगीकरणाची टाकी मांडण्यासाठी होतो. तिला वाळू नको, खडक नको. तीस-चाळीस लिटरची काच, हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला प्लास्टिकच्या नळीचे दोन तुकडे पुरतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरवणारा क्रिप्टोकॅरियन हा परजीवी तांब्याच्या औषधाने मरतो, पण ते औषध प्रवाळांच्या टाकीत घालता येत नाही. त्यामुळे नवा मासा मुख्य टाकीत जाण्याआधी काही आठवडे याच साध्या टाकीत काढतो.