फायबरच्या होडीला लागलेला मार

लोखंडी बोट धक्क्यावर आदळली की तिला पोचा पडतो. लाकडी होडी खडपावर बसली की फळी फुटते. दोन्हींचं नुकसान डोळ्यांना दिसतं आणि बहुतेक वेळा दिसतं तेवढंच असतं. फायबरग्लासच्या, म्हणजे काचेचे तंतू प्लॅस्टिकमध्ये बसवून केलेल्या होडीचं तसं नाही. मार बसताना तिचं अंग आत वाकतं, झटक्यात मूळ आकारात परत येतं आणि बाहेरच्या चकचकीत थरावर चार-दोन बारीक चिरांखेरीज काहीच उमटत नाही. मग त्या चिरांत पुट्टी भरली जाते, वरून रंगाचा हात फिरतो आणि होडी पुन्हा पाण्यात जाते. हर्णैपासून मालवणपर्यंत बंदरांवर अशा पुट्टी भरलेल्या होड्या दिसतात. मला त्यांची काळजी वाटते, कारण चीर बुजली म्हणजे होडी दुरुस्त झाली असं नसतं.

या होड्या आपल्याकडे आल्या त्यालाही कारण आहे. चांगलं सागवान महाग झालं, मोठ्या फळ्या मिळेनाशा झाल्या. लाकडाला समुद्री किडा लागतो, फायबरला लागत नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर फायबरग्लासचं आवरण चढवून होड्या करून दाखवल्या. दुसऱ्या टोकाला गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 'तारिणी' आहे. फायबरग्लासच्या या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. तेव्हा या पदार्थाच्या ताकदीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. ती ताकद कुठून येते आणि मार बसल्यावर नेमकी कुठे तुटते, एवढंच पाहायचं आहे.

काच ठिसूळ असते हे सर्वांना ठाऊक आहे. मग तिची होडी कशी होते? याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मिळतं. फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत काम करताना त्याने काचेचे बारीक होत जाणारे तंतू ओढून तोडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीची काडी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १,७०० किलो ताणावर तुटली. काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा ताजा तंतू त्याच्या जवळजवळ वीसपट ताण सोसून गेला. ग्रिफिथने याचा अर्थ असा लावला की काच मुळात दुबळी नाही. तिच्यातल्या सूक्ष्म भेगांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि तिथून ती फाटत जाते. तंतू जितका बारीक तितकी मोठी भेग त्यात असायला जागाच कमी. फायबरग्लासमधले तंतू साधारण १० ते २० मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. ते रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या पातळ प्लॅस्टिकमध्ये, भिजवून घट्ट केले की प्रत्येक तंतू शेजाऱ्यापासून वेगळा राहतो. एक तुटला तरी भेग दुसऱ्यात सहज शिरत नाही, रेझिनमधून वळसा घेते. भार वाहतात ते तंतू. त्यांना जागेवर धरून ठेवणं आणि एकाचा भार दुसऱ्याकडे पोचवणं हे रेझिनचं काम.

आता होडीवर बाहेरून दगडाचा घाव बसला असं समजा. त्या जागी भिंत आत वाकते. वाकणाऱ्या पट्टीची बाहेरची बाजू दाबली जाते आणि आतली ताणली जाते. म्हणून तंतू तुटायला बऱ्याचदा आतल्या बाजूने सुरुवात होते, जिथे जाळी, बर्फाचे खोके आणि डिझेलचे कॅन ठेवलेले असल्यामुळे कोणी बघत नाही. त्याच वेळी एकावर एक बसलेले थर एकमेकांवरून सरकू पाहतात आणि मधलं रेझिन सुटतं. घाव मधे लागला तरी थर सुटण्याचं क्षेत्र आतल्या बाजूला पसरत जातं. बाहेर नाण्याएवढी खूण आणि आत ताटाएवढा पांढुरका डाग, असं चित्र म्हणूनच दिसतं. तो पांढुरका रंग म्हणजे तंतू आणि रेझिन यांच्यात पडलेल्या बारीक फटींवरून विखुरणारा प्रकाश. रंग न दिलेल्या जागी विजेरी तिरपी धरली की तो स्पष्ट दिसतो.

रंग दिलेला असेल तर कानांवर भिस्त ठेवावी लागते. एक जाड नाणं किंवा लहान प्लॅस्टिकची हातोडी घ्यायची आणि घावापासून लांब, जिथे अंग शाबूत असल्याची खात्री आहे तिथून टकटक करत आत यायचं. शाबूत जागी आवाज कोरडा, टणक येतो. थर सुटलेल्या जागी तो एकदम बसका होतो, कारण वरचा सुटा थर वेगळा थरथरतो आणि ऊर्जा तिथेच मुरते. आवाज बदलला की तिथे खडूने रेघ मारायची. चारी बाजूंनी अशा रेघा ओढल्या की दुखापतीचा खरा नकाशा हाती येतो. तो पाहून मालक बहुतेक वेळा गप्प होतो. तेवढ्यावर न थांबता आतल्या आधाराच्या पट्ट्या जिथे भिंतीला चिकटवलेल्या असतात त्या सांध्यांवरही नाणं वाजवावं. धक्का नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी बसला तरी पट्टी हात-दोन हात मागे सुटलेली सापडते.

खडूच्या आतलं सगळं काढून टाकायचं. इथे मन कचरतं. बऱ्या दिसणाऱ्या होडीला ग्राइंडर लावून मोठं भोक पाडायला कोणाला आवडेल? पण सुटलेल्या थरांमध्ये रेझिन ओतून ते परत जुळत नाहीत. फटींत मीठ आणि ओल शिरलेली असते, तुटलेले तंतू तुटलेलेच राहतात. भोक गोल किंवा लंबगोल कापावं. चौकोनी कापलं तर कोपऱ्यांत ताण एकवटतो, म्हणजे ग्रिफिथची भेग आपण आपल्या हाताने तयार करतो. आणि ग्राइंडर लावायच्या आधी बाहेरचा भाग अ‍ॅसिटोनने पुसून मेण, तेल, ग्रीस काढून घ्यावं. नाहीतर तेच मेण घासताना खालच्या थरांत रगडलं जातं आणि नवा थर तिथे धरत नाही.

पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमकं त्यातच अंग चोरलं जातं. भोकाच्या कडा सरळ उभ्या न ठेवता दूरवर उतरत्या कराव्या लागतात. जाडीच्या बारापट लांब उतार हे होडीच्या अंगासाठी रूढ माप आहे. भिंत ६ मिलिमीटर जाड असेल तर उतार चारी बाजूंना ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच. दहा सेंटिमीटरच्या भोकासाठी सुमारे साडेचोवीस सेंटिमीटरचं वर्तुळ घासावं लागतं. एवढं कशाला, याचा हिशोब सोपा आहे. समजा ही भिंत दर चौरस सेंटिमीटरला ९०० किलो ताण सोसते. मग एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी ५४० किलो पेलते. कडा उभ्या ठेवून भोक बुजवलं तर हा सगळा भार ०.६ चौरस सेंटिमीटरच्या उभ्या सांध्यावर येतो, पुन्हा दर चौरस सेंटिमीटरला ९०० किलो. तिथे एकही तंतू आरपार गेलेला नसतो, असतं ते नुसतं रेझिन. त्याच्याकडून एवढा ताण सोसला जाणं शक्यच नाही. बारापट उतारावर तोच भार ७.२ चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दर चौरस सेंटिमीटरला ७५ किलोंवर येतो. शिवाय तो ओढून सोडवणारा न राहता पृष्ठभागावरून सरकवणारा होतो, आणि चिकटलेला सांधा असा भार जास्त चांगला पेलतो. दोन दोर जोडताना खलाशी टोकाला टोक लावत नाही, पदर सोडवून लांबवर एकमेकांत गुंफतो. उतार हा त्याच जातीचा सांधा आहे.

आता रेझिन कोणतं? होडी मुळात बहुधा पॉलिएस्टर रेझिनची असते, कारण ते स्वस्त असतं. होडी घडवताना एक थर पुरता घट्ट व्हायच्या आत दुसरा चढतो आणि दोघांचे रेणू एकमेकांशी जोडले जातात. दुरुस्तीच्या वेळी जुनं रेझिन केव्हाच पूर्ण घट्ट झालेलं असतं. त्याच्याकडे जोडायला मोकळे बंध फारसे उरलेले नसतात, म्हणून नवं पॉलिएस्टर मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाला पकडून राहतं. त्यातून पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने सात टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि सांध्यावर ओढ आणतं. इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन कमी आकसतं आणि जुन्या पृष्ठभागाला कितीतरी चांगलं चिकटतं. पाण्याच्या रेषेखालच्या, भार सोसणाऱ्या जागी मी इपॉक्सीच सुचवेन, महाग पडलं तरी. मात्र नेहमीची मॅट, म्हणजे काचेच्या सुट्या तंतूंची चादर, त्यासोबत चालेलच असं नाही. मॅटमधले सुटे तंतू बांधून ठेवणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते आणि नीट भिजत नाही. इपॉक्सीसाठी विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं.

पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर हार्डनरच्या, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाच्या, प्रमाणाशी खेळू नये. साधारण एक ते दोन टक्के हे प्रमाण. मे महिन्याच्या उन्हात दोन टक्के घातलं तर ब्रश हातात असतानाच रेझिन थिजायला लागतं. आधी ते पाकासारखं सरळ ओघळतं, मग काठीला लोंबतं, मग एकाएकी गोळा होतं आणि डबा हाताला चटका देतो. लवकर थिजतंय म्हणून एक टक्क्याच्या खाली गेलात तर ते पूर्ण घट्ट होतच नाही. सकाळी लवकर, थोडं थोडं रेझिन कालवून काम करणं हाच त्यावर उपाय. आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. आपल्याकडे हार्डनरचं काम वेगाने घडवणारं जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मगच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे आणि धूळ घासताना मास्क यांना पर्याय नाही.

आपल्या किनाऱ्यावरची खरी अडचण मात्र हवेची आहे. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, माणसांना वेळ असतो, म्हणून दुरुस्त्या याच दिवसांत निघतात. नेमकी तेव्हाच हवा पाण्याने भरलेली असते. तुटलेल्या कडेतून समुद्राचं पाणी तंतूंच्या कडेकडेने केशाकर्षणाने आत चढलेलं असतं. पाणी उडालं तरी मीठ मागे राहतं आणि ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. काच आणि रेझिन यांना जोडणारा जो रासायनिक लेप कारखान्यातच तंतूंवर चढवलेला असतो, त्यालाही पाण्याने इजा होते. म्हणून घासलेली जागा गोड्या पाण्याने अनेकदा धुवावी आणि नंतर ताडपत्रीच्या आडोशाला दिवे किंवा हीटर लावून सुकवावी. सुकली का, हे पाहायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा त्या जागी चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबायचं. शक्य असेल तर घासणं आणि सुकवणं मे महिन्यातच उरकून घ्यावं. त्या उन्हासारखा फुकटचा हीटर दुसरा नाही.

थर चढवणं त्यामानाने सरळ आहे. आतल्या बाजूने मेण लावलेला सनमायकाचा तुकडा आधाराला बसवायचा, उतारावर रेझिनचा हात द्यायचा आणि कापडाचे गोल तुकडे एकेक करून भिजवत बसवायचे. मोठा तुकडा आधी की लहान, यावर कारागिरांत दोन मतं आहेत. मी मोठा आधी लावावा या मताचा आहे. तो उताराच्या पूर्ण लांबीवर जुन्या अंगाला धरतो आणि शेवटी घासून सपाट करताना कापला जात नाही. रोलर फिरवून प्रत्येक थरातली हवा काढायची. पांढुरकी जागा राहिली तर तिथे कापड कोरडं आहे असं समजावं. एका दमात तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी चढवू नये, नाहीतर आतली उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही आणि थर तडकतात. इपॉक्सीचा थर घट्ट झाल्यावर त्यावर मेणचट पापुद्रा येऊ शकतो. पुढचा थर किंवा रंग देण्यापूर्वी तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवून काढावा.

शेवटी जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, किंवा रंग. जेलकोटचा थर अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याचं काम पाणी आणि ऊन अडवण्याचं आहे, ताकदीत त्याची भर नाही. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट घट्ट होईल याची खात्री नसते, म्हणून तिथे सागरी रंगच बरा. इपॉक्सीला पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो. त्याआधी होडी पाण्यात लोटू नये. उतरवण्यापूर्वी तेच नाणं घेऊन जुन्या खडूच्या रेघेवरून एकदा टकटक करून पाहावी.

आणि दुरुस्तीच्या जागेजवळ, आतल्या बाजूला, पक्क्या मार्करने तारीख लिहावी, तिच्यासोबत रेझिन पॉलिएस्टर होतं की इपॉक्सी तेही. पॉलिएस्टर इपॉक्सीवर भरवशाने धरत नाही. पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा मार बसला तर त्या कारागिराला कोणती बाटली उघडायची ते त्या एका ओळीवरून कळेल.