सीएनसी राउटरचं बिट वाकतं तेव्हा

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफ आणि प्लायला (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळ्या आणि प्लायवूड) मागणी वाढली. खिळा न मारता, पट्ट्या खाचांत अडकवून उभी राहणारी ही मखरं सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार फिरत्या पात्यानं लाकूड कापणाऱ्या मशीनवर कापतात. ठाणे-नवी मुंबईत श्रावणात या कामांची घाई असते, आणि तक्रारही ठरलेली: एक खाच घट्ट, दुसरी सैल. मशीन तर ‘0.01 मिमी अचूकते’चं म्हणून घेतलेलं असतं.

जाहिरातीतला हा आकडा बहुतेकदा कंट्रोलर देऊ शकतो त्या सर्वांत लहान हालचालीचा असतो. स्पिंडलला (बिट पकडून फिरवणाऱ्या भागाला) कुठं जायला सांगितलं, एवढंच त्यातून कळतं. लाकडात घुसलेलं बिटाचं (कापणाऱ्या पात्याचं) टोक प्रत्यक्षात कुठं होतं, ते कळत नाही. कारण बिट वाकतं.

बिट म्हणजे भिंतीत एका टोकाला रोवलेली सळईच. मोकळ्या टोकावर बल लावलं की ती वाकते, आणि हा वाक लांबीच्या तिसऱ्या घातानं वाढतो, व्यासाच्या चौथ्या घातानं कमी होतो. सगळी गोम या दोन घातांत आहे. कार्बाइडचं 6 मिमीचं बिट घ्या. कॉलेटबाहेर (बिट आवळून धरणाऱ्या पकडीबाहेर) 30 मिमी, टोकावर 50 न्यूटन, म्हणजे साधारण 5 किलो वजनाइतकं बल. कार्बाइडचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) सुमारे 600 गिगापास्कल. बिट भरीव दांडा मानलं तर टोक 0.012 मिमी सरकतं. पण फ्लूटच्या (कापणाऱ्या धारांच्या) चरांमुळे गाभा बारीक होतो. तो व्यासाच्या 80 टक्के धरला, तर 0.8 चा चौथा घात 0.41, म्हणून वाक जवळपास 0.03 मिमी. याच जागी 3 मिमीचं बिट लावलं तर 16 पट, म्हणजे साडेचार दशांश मिलिमीटरच्याही वर! आणि कुठलंही बिट 30 ऐवजी 40 मिमी बाहेर ठेवलं तर वाक 2.4 पट. म्हणून नक्षीच्या कोपऱ्यांपुरतंच बारीक बिट वापरावं, आणि बिट कामाला लागेल तेवढंच बाहेर ठेवावं.

ते कुठल्या बाजूला वाकतं, हे कापण्याच्या दिशेवर ठरतं. स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. बाहेरची कड कापताना बिट जॉबभोवती (कापून घ्यायच्या तुकड्याभोवती) त्याच दिशेनं नेलं तर तो क्लाइंब कट. यात बिट जॉबपासून दूर ढकललं जातं आणि जॉब किंचित मोठा येतो. उलट दिशेनं नेलं तर ते लाकडात ओढलं जातं, जॉब लहान येतो. खाचेत क्लाइंब कटनं रुंदी कमी भरते, उलट कटनं जास्त. एकाच फाइलमध्ये दोन्ही दिशा मिसळल्या की घट्ट-सैलचा घोळ झालाच.

उपाय दोन पासचा. पहिल्या फेरीत कडेला 0.4 मिमी माल शिल्लक ठेवायचा, दुसऱ्या फेरीत तेवढाच काढायचा. बल कमी, म्हणून वाक कमी, आणि मुख्य म्हणजे सगळीकडे सारखा.

फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी करून मात्र अचूकता येत नाही. 18000 आरपीएम (मिनिटाला फेरे), 2 फ्लूट म्हणजे 2 दाते आणि मिनिटाला 3600 मिमी फीड असेल तर प्रत्येक दाता 0.1 मिमी जाडीची चिप काढतो. फीड 900 वर आणलं की चिप 0.025 मिमीची होते. दाता कापण्याऐवजी घासतो, तापतो, बोथट होतो; बोथट बिटाला बल जास्त लागतं आणि ते आणखी वाकतं.

बिटं सारखी तुटतात म्हणून काही जण मशीनला लिंबू-मिरची बांधतात. त्याऐवजी कॉलेट उघडावं. आत चिकटलेल्या राळ-भुशामुळे बिट तिरकं पकडलं जातं, एकाच दात्यावर सगळा भार येतो. पितळी ब्रशनं कॉलेट साफ करावं. बिट आत टेकेपर्यंत सरकवून मग 1-2 मिमी बाहेर घ्यावं आणि आवळावं.

धार लावून आणलेल्या बिटाचा व्यास पुन्हा मोजावा. 6 चं 5.8 झालं असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये 6 च राहिलं, तर जॉब 0.2 मिमी मोठा आणि खाच तेवढीच अरुंद येते. गुण्या तपासायला 600 बाय 800 चा आयत आखून कर्ण मोजावेत. दोन्ही 1000 हवेत. 1 मिमी फरक असेल तर 800 च्या बाजूवर काटकोन सुमारे 0.8 मिमीनं चुकलेला असतो.

राहिली खाडीकाठची हवा. पावसाळ्यात एमडीएफ ओलावा पिऊन जाडीत फुगतो, मशीनच्या बेडवरचा (ताव ठेवून कापायच्या पाटावरचा) एमडीएफही फुगतो. म्हणून बेड पुन्हा सपाट करून घ्यावा आणि तावाची जाडी कापण्याच्या दिवशीच व्हर्निअरनं चार ठिकाणी मोजावी. 12 मिमीचा म्हणून घेतलेला प्लाय 11.6 भरू शकतो. मग त्याच तावाच्या कडेला, त्याच बिटानं आणि त्याच दिशेनं 0.1 मिमी फरकाच्या पाच खाचा कापाव्यात. उरलेला तुकडा हाताच्या दाबानं ज्या खाचेत जाईल, ती रुंदी फाइलमध्ये घालावी. मखर रंगवायचं असेल तर चाचणीच्या खाचा आणि तुकडाही रंगवून, पूर्ण वाळवूनच बसवून पाहावा.