ढाळ्याच्या मुळावरच्या गाठी

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूरजवळच्या आमच्या रानात भाचा हरभऱ्याचे ढाळे उपटत होता. एक ढाळा मुळासकट वर आला आणि तो ओरडला, "मामा, ह्याला कीड लागलीय!" मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडल्या होत्या. शेजारच्या बांधावरच्या काकांनीही मान हलवली आणि फवारणीचं औषध सुचवलं. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की लिहायलाच बसलो.

त्या गाठी म्हणजे रोग नव्हे, हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देणाऱ्या जीवाणूंची घरं आहेत. सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा सूक्ष्म जंत, लागला की मूळच जागोजागी सुजतं. ही गाठ मात्र मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटानं चोळली तर सुटून येते. नखानं चिरली की आत गुलाबी दिसते. भाच्याला मी तेच करून दाखवलं.

जेवायला घरून आणलेली भज्जी होती: तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, बेसन, चिंचेचा कोळ. जवळजवळ सगळं पातेलं एकाच कुळाचं! या शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या, कुळात जगभरात सुमारे 19,000 जाती आहेत. तुरीच्या फुलात एक पाकळी उभी, दोन बाजूला, दोन खाली जुळून होडीसारख्या. दहा पुंकेसरांपैकी नऊ जोडलेले, एक सुटा. बाभूळ, चिंच, आपटा यांची फुलं वेगळी, पण शेंग नातं सांगते. शेवग्याला शेंगा म्हणतात खरं, पण तो या कुळातला नाही. त्याची शेंग तीन फाकांची असते. चिंचेवर भूत असतं, रात्री खाली झोपू नये, असं आमच्याकडे अजून सांगतात. संध्याकाळी तिची पानं मिटतात ती देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतलं पाणी सरकल्यामुळे. भुताचा तिथे काही संबंध नाही.

आता त्या गुलाबी रंगाकडे येतो. झाडाला वाढायला नायट्रोजन लागतो. हवेत तो 78 टक्के आहे, पण त्याचे दोन अणू तीन बंधांनी जखडलेले, म्हणून झाडाला तो थेट घेता येत नाही. खताच्या कारखान्यात त्यापासून अमोनिया करायला 400 अंशांच्या आसपास उष्णता आणि हवेच्या शंभराहून जास्त पट दाब लागतो. हरभऱ्याच्या मुळाशी रायझोबियम जीवाणू तेच काम मातीच्या गारव्यात करतात. मूळ आधी फ्लॅव्होनॉइड रसायनं सोडतं. त्या हाकेला ठरावीक जातीचाच जीवाणू ओ देतो, म्हणजे स्वतःचं रसायन सोडतो. मग मुळावरचा केस त्याच्याभोवती वळतो, त्याला आत घेतो आणि गाठ धरते.

आत नायट्रोजिनेज नावाचं विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, ते बंध तोडतं. नायट्रोजनच्या एका रेणूमागे किमान 16 एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्ची पडतात. एवढी ऊर्जा मिळवायला जीवाणूला श्वसन हवं, म्हणजे ऑक्सिजन हवा. पण ऑक्सिजनचा स्पर्श झाला की नायट्रोजिनेज कायमचं निकामी होतं! ऑक्सिजन पाहिजेही आणि नकोही, हा पेच झाड लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनानं सोडवतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे सख्खं नातलग. लोहामुळेच गाठ गुलाबी. ते ऑक्सिजनला इतकं घट्ट धरतं की मोकळा ऑक्सिजन जवळपास उरतच नाही, तरी जीवाणूच्या दारापर्यंत तो थेंबाथेंबानं पोचत राहतो. कुबो या जपानी शास्त्रज्ञानं 1939 मध्ये हा रंग हिमोग्लोबिनचा असल्याचं ओळखलं. मला आजही हे वाचताना अंगावर शहारा येतो.

गाठ आतून पांढरी असेल तर काम सुरू नाही. हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी झाली. युरिया ओतला की झाड गाठी धरायचं कमी करतं. काळ्या रानात पाणी साचलं की गाठी गुदमरतात. 'पांढरी मुळी' वाढवणाऱ्या महागड्या टॉनिकच्या बाटल्या घेण्याआधी एक रोप उपटून गाठ चिरून बघा. पेरताना 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम जीवाणू-खत गुळाच्या पाण्यात कालवून चोळा आणि बी सावलीत सुकवा. पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या, कारण सोयाबीनचा जीवाणू हरभऱ्याच्या हाकेला ओ देत नाही. आणि काढणीला हरभरा उपटण्यापेक्षा विळ्यानं कापलेला बरा; मुळं जागीच कुजतात आणि त्यांच्यातला नायट्रोजन रानातच राहतो.