वेशीबाहेर वाढलेली शहरं: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या महानगरांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत, आधीच्या दहा वर्षांत सगळ्यात वेगाने वाढलेलं महानगर क्षेत्र ठरलं फ्लोरिडातलं द व्हिलेजेस. वस्ती ९३ हजारांवरून जवळपास १ लाख ३० हजारांवर गेली, म्हणजे ३९ टक्के वाढ. आणि सगळ्यात वेगाने ओसरलेलं क्षेत्र होतं आर्कान्सामधलं पाइन ब्लफ. तिथे लाखाचे ८८ हजारही उरले नाहीत. दोन्ही ठिकाणं दक्षिणेतलीच. त्यामुळे 'अमेरिकेचा दक्षिण भाग भराभर वाढतोय' हे जे सारखं ऐकू येतं, ते खोटं नाही, पण त्यावर विसंबून चालणार नाही.

जनगणना खात्याच्या लेखी दक्षिण म्हणजे टेक्सासपासून डेलावेअरपर्यंतची १६ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन. महानगर क्षेत्र किंवा 'मेट्रो' म्हणजे नुसती महापालिकेची हद्द नव्हे. मधलं शहर आणि रोजच्या नोकरीधंद्याच्या ये-जा मुळे त्याच्याशी बांधल्या गेलेल्या आजूबाजूच्या काउंट्या मिळून मेट्रो होते. काउंटी आकाराने बहुतेक ठिकाणी आपल्या एखाद-दुसऱ्या तालुक्याएवढी. शहराचा आकडा आणि मेट्रोचा आकडा वेगळे धरले नाहीत तर या विषयात पुढचं काहीच उलगडत नाही. अटलांटा शहर रिकामं होत होतं त्याच वर्षांत अटलांटा महानगर फुगत होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे महानगर म्हणावं असं फारसं काही नव्हतं. १९०० साली न्यू ऑर्लीन्सची वस्ती २ लाख ८७ हजार होती, अटलांटाची ९० हजारांच्या आत, तर ह्यूस्टन आणि डॅलस प्रत्येकी पन्नास हजारांच्याही खाली. बंदरं, कापसाच्या पेठा आणि रेल्वेचे सांधे एवढाच शहरांचा आधार. रोगराईही होती. १८७८ मध्ये मेम्फिसमध्ये पीतज्वराची साथ आली, सुमारे पाच हजार माणसं दगावली, ज्यांना शक्य होतं ती पळून गेली. शहर इतकं कंगाल झालं की पुढच्या वर्षी त्याची सनदच गेली; कायद्याच्या दृष्टीने ते शहरच उरलं नाही. १९३८ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दक्षिणेला देशाची पहिल्या क्रमांकाची आर्थिक समस्या म्हटलं, ते काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

तोवर माणसं दक्षिणेतून बाहेरच पडत होती. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी दहातले नऊ दक्षिणेत राहायचे. तिथपासून १९७० पर्यंत त्यांच्यापैकी सुमारे ६० लाख लोक शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसकडे गेले. कापसावर बोंडकिडा पडला होता, वाटेकरी शेतीत कर्ज फिटत नव्हतं, मतदानाचा हक्क कागदावरच होता आणि झुंडीच्या हातून मरणाची भीती रोजची. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले, तेव्हा उत्तरेच्या कारखान्यांना माणसं हवीच होती. या स्थलांतरावर खूप लिहिलं गेलंय. त्याच काळात दक्षिणेतले गरीब गोरेही लाखोंच्या संख्येने उत्तरेच्या कारखान्यांत आणि पश्चिमेला गेले, त्याकडे मात्र दुर्लक्ष होतं.

चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धापासून, आणि मुख्यतः सरकारी पैशाने. टेनेसी खोऱ्यात १९३३ पासून धरणं आणि वीज आली होती. युद्धात लष्करी तळ आणि कारखाने आले. अटलांटाजवळच्या मॅरिएटा या लहानशा गावात बॉम्बर विमानांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १९५६ च्या कायद्याने महामार्ग आले, १९६१ मध्ये नासाने अंतराळयान केंद्रासाठी ह्यूस्टनची निवड केली. बहुतेक दक्षिणी राज्यांनी कामगार संघटनांची ताकद कमी ठेवणारे कायदे केले, त्यामुळे उत्तरेतल्या कारखानदारांना मजुरी इथे स्वस्त पडू लागली. 'सरकारने आमच्या मध्ये पडू नये' हा दक्षिणेतल्या राजकारणाचा आवडता सूर. पण तिथली शहरं उभी राहिली ती वॉशिंग्टनहून आलेल्या पैशावर, ही गंमत तिथे फारशी बोलली जात नाही.

त्यात एसीची भर पडली. १९६० मध्ये दक्षिणेत पाचातल्या एका घरातही एसी नव्हता. १९८० पर्यंत चारातल्या जवळपास तीन घरांत तो आला. ऑगस्टमध्ये ह्यूस्टनची दमट दुपार ज्याने काढली आहे त्याला याचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. १९६० च्या दशकात पारडं फिरलं आणि दक्षिणेत येणारे जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले.

मग काही शहरं वाढली आणि काही का खचली? मला विचाराल तर यात हवामान आणि कर यांच्याइतकाच वाटा हद्दीच्या रेषेचा आहे. त्यासाठी अटलांटा आणि बर्मिंगहॅम शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

१९५० मध्ये अटलांटाची वस्ती ३ लाख ३१ हजार होती आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅमची ३ लाख २६ हजार. म्हणजे बरोबरीचा सामना. बर्मिंगहॅम १८७१ मध्ये वसलं, कारण लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी एकाच खोऱ्यात सापडल्या. शहर इतक्या झपाट्याने वाढलं की त्याला 'जादूनगरी' म्हणू लागले. अग्निदेव व्हल्कनचा १७ मीटर उंच ओतीव लोखंडी पुतळा तिथल्या रेड माउंटनवर आजही उभा आहे. पण शहराची नाडी पोलाद कंपनीच्या हातात होती. डोंगरापलीकडे माउंटन ब्रुक, होमवुड, व्हेस्टाव्हिया हिल्स ही सुखवस्तू गोरी उपनगरं उभी राहिली आणि त्यांनी शहरात विलीन व्हायला नकार दिला. १९६३ मध्ये नागरी हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. ती छायाचित्रं जगभर गेली. त्यानंतर या शहरात पैसा गुंतवायला कोण धजावणार? १९६० मध्ये ३ लाख ४१ हजारांवर पोचलेली वस्ती २०२० मध्ये २ लाखांवर आली. पोलादाची जागा बऱ्याच अंशी विद्यापीठाच्या रुग्णालयाने घेतली आणि आज शहरातला सर्वात मोठा नोकरदाता तेच आहे. मेट्रो फारशी घटली नाही; घटलं ते मधलं शहर.

अटलांटाने १९५२ मध्ये बकहेडसारखे श्रीमंत भाग हद्दीत ओढले. क्षेत्रफळ ३७ चौरस मैलांवरून ११८ वर गेलं, एका दिवसात सुमारे एक लाख माणसं वाढली. महापौर हार्ट्सफील्ड आपल्या शहराला 'द्वेष करायला सवड नसलेलं शहर' म्हणवायचे. जाहिरातच ती, पण धंदेवाल्यांना पटली. विमानतळ वाढला, कंपन्या आल्या.

तरीही अटलांटा शहर वाचलं असं नाही. शाळांमधला वर्णभेद संपू लागला तसे गोरे मध्यमवर्गीय वेशीबाहेर निघाले, पुढे कृष्णवर्णीय मध्यमवर्गही निघाला. १९७० ची ४ लाख ९७ हजारांची वस्ती १९९० मध्ये ३ लाख ९४ हजार झाली. तेव्हा मेट्रो मात्र ३० लाखांच्या घरात पोचली होती. ईशान्येच्या ग्विनेट काउंटीत १९७० मध्ये ७२ हजार लोक होते, २०२० मध्ये ९ लाख ५७ हजार. याच काउंटीने १९७१ मध्ये मार्टा या सार्वजनिक वाहतूक सेवेत सामील व्हायला मतदानाने नकार दिला आणि २०१९ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हाही 'नाही' म्हटलं. अटलांटाच्या ट्रॅफिक जॅमला शिव्या घालणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. २०२३ च्या अंदाजानुसार ६३ लाख लोकांचं हे महानगर तेव्हा देशात सहाव्या क्रमांकावर होतं; खुद्द शहरात त्यातले पाच-सव्वापाच लाख.

हद्दीची करामत इतरत्रही दिसते. नॅशव्हिलने १९६३ मध्ये आणि जॅक्सनव्हिलने १९६८ मध्ये शहर आणि काउंटी एकत्र केली. जॅक्सनव्हिलची वस्ती १९६० मध्ये दोन लाख, १९७० मध्ये पाच लाखांवर. एवढी माणसं काही दहा वर्षांत येऊन राहिली नव्हती. ह्यूस्टन तर टेक्सासच्या उदार कायद्याचा आधार घेत चहूबाजूंनी पसरत गेलं, आणि तिथे झोनिंगच्या, म्हणजे कुठे घरं आणि कुठे दुकानं-कारखाने हे ठरवणाऱ्या नियमांची आडकाठीही नव्हती.

ह्यूस्टनची दुसरी बाजू तेलाची. अनेक दशकं तेलाने शहर वर नेलं आणि १९८० च्या दशकात भाव कोसळून १९८६ मध्ये पिंपाला दहा-बारा डॉलरवर आले, त्या पडझडीत दोन लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. हप्ते थकले, नवी कोरी घरं ओस पडली. वैद्यकीय केंद्र, बंदर आणि परदेशातून येणारे लोक यांच्या जोरावर ह्यूस्टन सावरलं. तेलाच्याच धक्क्याने खचलेलं न्यू ऑर्लीन्स सावरू शकलं नाही.

न्यू ऑर्लीन्सबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की ते कॅटरिना चक्रीवादळाने रिकामं केलं. शहराचा उच्चांक होता १९६० मध्ये, ६ लाख २७ हजार. त्याच वर्षी शाळांमधला वर्णभेद मोडायला सुरुवात झाली. त्याआधीच, १९५६ मध्ये, पाँचरट्रेन सरोवरावरचा सुमारे ३८ किलोमीटरचा पूल खुला झाला होता आणि पलीकडच्या सेंट टॅमनी या काउंटीत राहून शहरात नोकरी करायची सोय झाली होती. २००० मध्ये, वादळाच्या पाच वर्षं आधी, शहर ४ लाख ८५ हजारांवर उतरलं होतं. २९ ऑगस्ट २००५ रोजी बांध फुटले, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लाखाहून जास्त लोक ह्यूस्टनला गेले, त्यातले कितीतरी तिथेच राहिले. २०१० मध्ये शहरात ३ लाख ४४ हजार लोक होते, २०२० मध्ये ३ लाख ८४ हजार.

पाइन ब्लफला वादळ-पूर असं सांगण्यासारखं काही झालं नाही. भोवतीच्या शेतांत कापूस वेचणारी यंत्रं आली, वेचणारे निघाले. गावात कॉटन बेल्ट रेल्वेचा कारखाना होता. १९४३ मध्ये तिथे बांधलेलं ८१९ क्रमांकाचं वाफेचं इंजिन आता तिथल्या रेल्वे संग्रहालयात आहे. डिझेल आलं, इंजिनं घडवणाऱ्या हातांची गरज संपली. तरुण मंडळी लिटल रॉकला किंवा राज्याबाहेर गेली. त्याच आर्कान्सात वायव्येला, वॉलमार्टच्या मुख्यालयाभोवती, फेएटव्हिलचं महानगर त्याच दशकात २४ टक्क्यांच्या आसपास वाढलं. अशा वेळी 'राज्य वाढलं' म्हणण्याला किती अर्थ आहे?

दक्षिणेच्या अलीकडच्या वाढीत दोन प्रवाह ठळक आहेत. उत्तरेला गेलेल्या कृष्णवर्णीयांची मुलं-नातवंडं अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन, शार्लटला परतताहेत. आणि परदेशातून येणारे, ज्यात आपली माणसं आहेत. डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को १९९० मध्ये सहा हजारांचं गाव होतं, २०२० मध्ये दोन लाखांचं शहर. १९७४ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाने, राज्याचा प्राप्तिकर नसल्याने आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी कॅलिफोर्नियातून शेजारच्या प्लेनोला बस्तान हलवल्याने हा पट्टा फुलला. आयटीतल्या मराठी कुटुंबांना फ्रिस्को, प्लेनो, आयर्विंग ही नावं आता पाषाण-बाणेरइतकी सवयीची आहेत. २०१९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही डॅलसला भरलं होतं.

अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटी आहे. चांगल्या शाळा आणि नवी घरं म्हणून भारतीयांच्या पसंतीची. १९१२ मध्ये इथून जवळपास ११०० कृष्णवर्णीय रहिवाशांना धमक्या देऊन, घरं-चर्च जाळून हाकलून लावलं गेलं. पुढची सात-आठ दशकं काउंटी जवळपास पूर्ण गोरी राहिली. १९८७ मध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघाला तर त्यावर दगडफेक झाली. २०२० मध्ये तिथली वस्ती अडीच लाख होती आणि सहातला किमान एक आशियाई वंशाचा. तिथे घर घेणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना एजंट हे सांगत असेल, कोण जाणे.

करोनानंतर ओघ आणखी वाढला. जुलै २०२२ ते जुलै २०२३ या एका वर्षात डॅलस-फोर्ट वर्थने दीड लाखांहून जास्त माणसांची भर घातली आणि ८० लाखांचा टप्पा ओलांडला. मात्र सगळी वाढ एकाच प्रकारची नाही. निवृत्तांच्या द व्हिलेजेसमध्ये, जिथे लोक बाजारालाही गोल्फच्या गाडीतून जातात, जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात; वाढ सगळी बाहेरून येणाऱ्यांची. मायामी-डेड काउंटीतून अमेरिकेतच इतरत्र जाणारे लोक येणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. आकडा सावरला जातो तो परदेशातून येणाऱ्यांमुळे. लुइझियानात २०२० आणि २०२१ च्या वादळांनंतर अनेक छोट्या विमा कंपन्या बुडाल्या, घराचा विमा परवडेनासा झाला आणि न्यू ऑर्लीन्स पुन्हा घसरणीला लागलं.

त्यात २०२३ मध्ये केंद्र सरकारने महानगरांच्या सीमा नव्याने आखल्या. पुलापलीकडची सेंट टॅमनी न्यू ऑर्लीन्सपासून तोडून वेगळी मेट्रो केली गेली. २०२० मध्ये पावणेतेरा लाखांच्या आसपास असलेलं न्यू ऑर्लीन्स महानगर त्यामुळे दहा लाखांच्या खाली आलं. सेंट टॅमनीतले अडीच लाखांहून जास्त लोक होते तिथेच आहेत. मेम्फिसने तर गेल्या काही वर्षांत पूर्वी हद्दीत घेतलेले काही भाग आपणहून सोडून दिले, कारण तिथे रस्ते, पोलीस आणि अग्निशमन पुरवण्याचा खर्च झेपेना. २०३० च्या जनगणनेत या दोन्ही शहरांचे आकडे वाचताना आधी नकाशा बघावा लागेल.