माळा आणि पोटमाळा: फूटपट्टी काय सांगते

चाळ सोडून फ्लॅटमध्ये गेलेली माणसं फर्निचरचं काम काढलं की सुताराला सांगतात, "बेडरूममध्ये वर एक पोटमाळा करून द्या." सुतार मान डोलावतो, सात फुटांवर चौकट ठोकून वर प्लाय टाकतो. महिन्याभरात तिथे बॅगा, जुन्या गाद्या आणि गणपतीचं मखर जाऊन बसतं. मुलगा वर अभ्यासाला बसणार होता, तो खाली हॉलमध्येच असतो. हवा होता पोटमाळा, झाला माळा.

घोटाळा शब्दातच आहे. मुंबईत माळा म्हणजे मजलासुद्धा, "कितव्या माळ्यावर राहता?" हा रोजचा प्रश्न. घरातला माळा मात्र मोरीच्या किंवा ओट्याच्या डोक्यावरचा, फ्लॅटवाले ज्याला लॉफ्ट म्हणतात तो. फराळाचे मोठे डबे, पितळेची पातेली, पावसाळ्यात बंद पडलेला कूलर, असं वर्षातून दोनदा लागणारं सामान तिथे राहतं. तिथे आपण जात नाही, आपला फक्त हात जातो. पोटमाळा हा खोलीच्या पोटात घातलेला आणखी एक मजला. शिडीने वर जायचं, बसायचं, वाचायचं, झोपायचं.

राष्ट्रीय इमारत संहितेतही हा फरक उंचीवरच ठरतो. सामानासाठीच्या माळ्याची आतली उंची जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे पाच फुटांच्या आत. माणसांच्या वापराच्या मधल्या मजल्याची किमान 2.2 मीटर, म्हणजे सव्वासात फूट. या मापाने चाळीतला आपला पोटमाळा कागदावर माळाच ठरतो. बारा फुटी खोलीत खाली सात फूट सोडले, वासे आणि फळ्यांना अर्धा फूट गेला, की वर साडेचार फूट उरत. नियमाने जी जागा सामानाची, तिथे पिढ्या झोपल्या. आमच्या लालबागच्या खोलीत मी दहावीचा सगळा अभ्यास वरच केला. उभं कधीच राहता आलं नाही, पण मांडी घालून ताठ बसता येत होतं आणि तेवढं पुरत होतं. मेमधल्या दुपारी मात्र वर थांबणं अशक्य व्हायचं. गरम हवा वर साठते आणि पंखा फळ्यांच्या खाली फिरतो, वरच्याला वारा लागतच नाही.

ही सोय हौसेतून आलेली नव्हती. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात आजी, आई-वडील, भाऊ-भावजय आणि गावाहून नोकरीसाठी आलेला पुतण्या. जमीन वाढत नाही म्हणून माणसं उंचीत राहायला शिकली. नव्या जोडप्याला मिळणारा थोडासा आडोसाही अनेक घरांत पोटमाळ्यानेच दिला. आता त्याच वरळीत पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत, 2025च्या ऑगस्टमध्ये 556 कुटुंबांना किल्ल्याही मिळाल्या. जमीन तिपटीने वाढली.

उंचीचं गणित मात्र वेगळं आहे. राहत्या खोलीला नियमाने किमान 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट उंची लागते आणि बहुतेक नव्या इमारती त्याच्याच आसपास थांबतात. नऊतून खालचे सात वजा केले की प्लायसकट दोन फूट उरतात. एवढ्यात कूस बदलतानाही खांदा अडकतो. त्यामुळे नऊ फुटी खोलीत सात फुटांवर जे होईल तो माळा, सुताराने त्याला काहीही म्हटलं तरी.

तरीही वर झोपायचंच असेल तर खाली उभं राहण्याचा हट्ट सोडावा लागतो. गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून साडेपाच फुटांवर घ्या. वर साडेतीन फूट उरतात, मोठा माणूसही बसू शकतो. गादी आणि चौकटीचे आठ इंच गेले की खाली चार फूट दहा इंच राहतात, तिथे टेबल-खुर्ची छान बसते. हा उंच पलंग झाला. तो संबंध खोलीवर न पसरवता एका कोपऱ्यातच ठेवावा.

यात लोक छताचा पंखा विसरतात, आणि ती जिवावर बेतणारी चूक आहे. पाती छतापासून फूट-दीड फूट खाली फिरतात, वर उठून बसलेल्या मुलाचं डोकं नेमकं त्याच पातळीवर येतं. अशा खोलीत पंखा पलंगापासून लांब सरकवायचा किंवा भिंतीवरचा घ्यायचा.

वजनाचं थोडक्यात. राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे 200 किलो चलभार, म्हणजे माणसांचं आणि सामानाचं वजन, धरतात. माणसं वर जाणार असतील तर चौकटही तेवढ्या ताकदीची हवी, म्हणजे लोखंडी, आणि तिचे पाय जमिनीवर टेकलेले. विटांच्या पातळ भिंतीत चार खिळे मारून केलेला माळा मखर पेलतो, माणसाला नाही. आणि सुतार यायच्या आधी टेप घेऊन लादीपासून स्लॅबपर्यंत स्वतः मोजा. फॉल्स सीलिंग करणार असाल तर त्याचे सहा-आठ इंच त्याच वेळी वजा करा.