मोजावे वाळवंटातून फायबर केबल : परवाना कोणाला, कागदपत्रे कोणती, पर्यावरण तपासणी कशी

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडात पसरलेल्या मोजावे वाळवंटाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या मालकीचा आहे. त्यातल्या बऱ्याच जमिनीचा कारभार ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, पाहते. देशभरात या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. तिच्या पोटातून ऑप्टिकल फायबर न्यायची असेल, तर १९७६ च्या केंद्रीय जमीन कायद्याखाली राइट-ऑफ-वे, म्हणजे सरकारी जमिनीचा ठरावीक पट्टा वापरण्याचा परवाना, घ्यावा लागतो. हा परवाना देणे हा केंद्र सरकारचा निर्णय ठरतो, म्हणून निर्णयाआधी पर्यावरणावरचे परिणाम तपासायला लावणारा, १ जानेवारी १९७० पासून लागू असलेला 'नेपा' हा कायदाही आपोआप लागू होतो. पर्यावरणासाठी वेगळी खिडकी नाही. एकाच फाइलमध्ये दोन्ही कामे चालतात.

केबलचा चर अरुंद असतो आणि लगेच बुजवलाही जातो, मग एवढी तपासणी कशाला, असे अनेकांना वाटते. उत्तर तिथल्या मातीत आहे. मोजावेच्या मातीवर सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि लायकेन यांचा पातळ जिवंत थर असतो. तोच माती धरून ठेवतो. एकदा तो चिरडला की भरून यायला अनेक दशके जातात. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये तिथे सैन्याचे प्रशिक्षण केंद्र उभारले. त्या काळच्या रणगाड्यांच्या खुणा आजही जमिनीवर दिसतात. त्यात चरापेक्षा यंत्रे, ट्रक आणि केबलची रिळे यांच्या वावराखाली येणारा पट्टा कितीतरी रुंद असतो.

म्हणूनच अर्ज लिहायला बसण्याआधी मार्गावर वेळ घालवा. रस्त्याची कड, जुन्या वीजवाहिनीचा पट्टा किंवा आधीच खणलेली जागा मिळत असेल, तर थोडा वळसा पडला तरी तीच घ्या. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत याहून महत्त्वाचा निर्णय नाही.

अर्ज कोण करू शकतो

व्यक्ती, कंपनी, भागीदारी संस्था, सहकारी संस्था, राज्य किंवा स्थानिक शासन, आदिवासी जमातींचे शासन, यांपैकी कोणीही. व्यक्ती सज्ञान हवी, त्या राज्यात व्यवसाय करण्याचा अधिकार हवा. शिवाय केबल टाकणे, चालवणे, दुरुस्त करणे आणि शेवटी काढून जमीन पूर्ववत करणे, यासाठीचा पैसा आणि तांत्रिक क्षमता दाखवावी लागते.

कागदपत्रे

मुख्य फॉर्म 'एसएफ-२९९'. तो भरण्याआधी स्थानिक बीएलएम कार्यालयाशी बैठक करा. संवेदनशील क्षेत्रे तिथेच कळतात आणि पुढची धावपळ वाचते. फॉर्मसोबत मार्गाचा नकाशा आणि त्याची जीआयएस (संगणकीय नकाशाची) फाइल, कंपनीची नोंदणीपत्रे, सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा ठराव आणि आर्थिक क्षमतेचा पुरावा लागतो. ३ टक्के किंवा अधिक शेअर असलेल्या भागधारकांची माहितीही मागितली जाऊ शकते. सर्वांत जास्त प्रश्न 'प्लॅन ऑफ डेव्हलपमेंट'वर, म्हणजे कामाच्या आराखड्यावर, येतात. केबल नांगराने पुरणार, चर खणणार की कोरड्या ओढ्यांखालून आडवे ड्रिलिंग करणार, खोली किती, यंत्रे कुठे उभी राहणार, जोडण्यांच्या पेट्या कुठे बसणार, हे सगळे त्यात हवे. 'आवश्यकतेनुसार' असे मोघम लिहिले की फाइल परत आलीच म्हणून समजा. छाननीचा खर्च अर्जदाराकडून कामाच्या तासांनुसार घेतला जातो. परवान्यानंतरचे वार्षिक भाडे वेगळे.

पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून २७० दिवसांत मंजूर की नामंजूर हे कळवण्याचे बंधन दूरसंचार अर्जांना लागू आहे. अपुऱ्या अर्जाला ते लागू होत नाही.

तपासणीच्या पायऱ्या

दुसऱ्या सुसंगत राइट-ऑफ-वेच्या हद्दीत पूर्णपणे बसणारे काम वर्गीय सवलतीत, म्हणजे सविस्तर तपासणीतून सूट असलेल्या कामांच्या वर्गात, निघू शकते, पण तिथे विशेष परिस्थिती नाही हे तपासूनच. नव्या जमिनीवर बहुधा पर्यावरण मूल्यांकन, म्हणजे ईए, करावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार ईएला ७५ पाने आणि एक वर्ष अशी मर्यादा आहे. परिणाम लक्षणीय ठरले तर सविस्तर अहवाल, ज्याला १५० पाने आणि दोन वर्षे. २०२५ मध्ये नेपाचे जुने केंद्रीय नियम मागे घेतले गेले आणि बीएलएम ज्याच्या अखत्यारीत येते त्या इंटीरियर खात्यानेही आपली पद्धत बदलली, म्हणून जुना अहवाल नमुना म्हणून उचलू नका.

मोजावेत खरी कसोटी कासवाची. तिथले जमिनीवरचे कासव १९९० पासून केंद्रीय यादीत 'धोक्यात' आहे. ते बहुतेक वेळ बिळात असते, म्हणून सर्वेक्षण एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर या हालचालीच्या काळात, १० मीटर अंतराच्या पट्ट्यांत पायी चालून करायचे असते. हे महिने चुकले की काम हंगामभर मागे पडते. कासवावर प्रतिकूल परिणाम संभवत असेल, तर वन्यजीव खात्याशी औपचारिक सल्लामसलत होते; तिचा कायदेशीर कालावधी १३५ दिवसांचा. पुढे अटी येतात: उघडा चर रात्री झाकणे किंवा त्याला उतार देणे, उभ्या गाडीखाली पाहूनच ती हलवणे, कचरा बंद डब्यात ठेवणे. कचऱ्यावर डोमकावळे जमतात आणि ते कासवाची पिल्ले खातात. कासव दिसले तर परवानगी असलेल्या जीवशास्त्रज्ञाशिवाय कोणीही उचलू नये. घाबरलेले कासव साठवलेले पाणी मूत्रावाटे सोडते आणि उन्हाळ्यात तेवढ्याने मरू शकते.

१९६६ च्या वारसा कायद्याखाली पुरातत्त्व सर्वेक्षण आणि मूळ जमातींशी विचारविनिमयही होतो. जमातींशी शासकीय बोलणे बीएलएमनेच करायचे असते, ते सल्लागारावर सोडता येत नाही. वाटा, कोरीव दगड, पूर्वजांच्या जागा त्यांनाच ठाऊक असतात. त्यांचे म्हणणे मार्ग पक्का होण्याआधी ऐकले, तर केबल बाजूने नेता येते.

मोठ्या कामाचे उदाहरण पाहायचे तर 'डिजिटल ३९५' पाहा. कॅलिफोर्नियातल्या बार्स्टोपासून उत्तरेला नेवाडापर्यंत, महामार्ग ३९५ च्या कडेने, ५८३ मैलांची ही फायबर वाहिनी. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा पर्यावरण कायदा असल्याने केंद्र आणि राज्य दोघांची तपासणी एकाच संयुक्त दस्तऐवजात झाली. कॅलिफोर्नियात अर्ज करत असाल तर हीच वाट धरा. नेवाडात राज्याचा असा कायदा नाही.

परवाना हाती आला तरी 'काम सुरू करा' अशी लेखी सूचना अट म्हणून घातली असेल, तर ती मिळेपर्यंत यंत्र जमिनीवर उतरवू नका. पूर्ववतीकरणासाठी हमी रक्कमही मागितली जाऊ शकते. निर्णय मान्य नसेल, तर इंटीरियर खात्याच्या जमीन अपील मंडळाकडे जाण्यासाठी ३० दिवस मिळतात.